मारिविकचं पहिलं ‘नाही’

मारिविक सालदेर्याला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नसे. कॅनडातल्या एल्डन गावी ट्रेलरच्या कारखान्यात ती वेल्डर होती. अर्धा इंच जाड पोलादाची ती मुळीच भीड बाळगत नसे, पण समोर माणूस आला की तिचं पाणी व्हायचं. एकदा तिने एकाच शनिवारी चार ठिकाणी यायचं कबूल केलं: एक बाप्तिस्मा, एक वाढदिवस, चर्चच्या तळघराची साफसफाई आणि मालकाच्या बायकोबरोबर भोपळे काढायला. चारही ठिकाणी गेली, चारही ठिकाणी उशिरा गेली, आणि चारही ठिकाणी जेवली. जेवायला बसा म्हटल्यावर नको कसं म्हणणार?

त्यात ती इलोइलोची. फिलिपिन्समध्ये इलोइलोच्या लोकांची एक चेष्टा ठरलेली आहे, की ही माणसं भांडली तरी शेजाऱ्याचं पोर झोपी जातं. वाक्य खालून निघतं, मध्येच एक झोका घेतं आणि अलगद पायरी उतरून बसतं. कारखान्याच्या रंगखात्यातली डोलोरेसमावशी मनिलाची, तोंडाने तिखट. ती मारिविकची नक्कल करायची: “तुमच्याऽ घराला आऽग लागलीय होऽऽ...” आणि स्वतःच मान टाकून घोरायला लागायची. मारिविक सगळ्यांत आधी हसायची.

हसण्यासारखं नव्हतं ते एकच. मारिविकचा कामाचा परवाना वर्ष संपताच संपणार होता. नवरा एरियल आणि मुलगी ज्युवेल इलोइलोलाच होती. मुलीला तिने सोडलं तेव्हा ती बुटाची नाडी बांधायला शिकत होती, आणि आता फोनवर आईला भागाकार समजावून सांगायची. या दोघांना इकडे आणायचं तर कॅनडात कायमचं राहायची परवानगी हवी, आणि मारिविकने त्यासाठी धरलेली वाट, एल्डन ज्यात येतं त्या मॅनिटोबा प्रांताच्या दारातून जात होती. प्रांताचं म्हणणं सरळ होतं. आमच्या लहान गावांत कारागीर टिकत नाहीत. तुम्ही इथे या, काम करा, आणि खरोखर इथेच राहणार असाल तर आम्ही देशाच्या राजधानीकडे तुमचं नाव सुचवतो. नाव सुचवलं की अर्धा गड सर. नाही सुचवलं तर बॅग भरा.

मारिविकचं काम चोख होतं, मालकाची कायम नोकरीची हमी होती, इंग्रजीची परीक्षा झाली होती. घोडं पेंड खात होतं ते ‘खरोखर इथेच राहणार’ या एका गोष्टीपाशी.

आणि त्याला कारण नेल्सन.

नेल्सन याच कारखान्यात माल उचलायची गाडी चालवायचा. प्रांताच्या मुलाखतीच्या वेळी तो रडला होता म्हणे. “मॅम, ही सपाट जमीन बघितली ना, की मला देव दिसतो,” असं म्हणाला. डोलोरेसमावशी हे वाक्य नेल्सनसारखं नाक ओढून म्हणायची तेव्हा लोक डबे खाली ठेवून हसायचे. नेल्सनला कागद मिळाला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याला टोरोंटोत देव दिसायला लागला. तिथल्या उंच मनोऱ्यापुढे उभं राहून त्याने फोटो पाठवला, दोन बोटं वर करून. प्रांताच्या हातावर अशी तुरी देऊन गेल्यावर पुढच्यांचं काय होणार? कार्यालय ताकही फुंकून प्यायला लागलं. एल्डनमधून कुणाचा अर्ज गेला की तिथल्या एक बाई प्रत्यक्ष येऊन बघून जायला लागल्या.

बाई गुरुवारी येणार असं ठरलं होतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, डोलोरेसमावशीने डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा चढवला, पाठ ताठ केली आणि बाई होऊन बसली.

“मिसेस सालदेर्या,” तिने नाकातून सुरुवात केली, “तुम्हाला इथली थंडी आवडते?”

“हो, मॅम.”

“डास?”

“हो, मॅम.”

“सकाळी नाकातला केस गोठतो, तो?”

“हो, मॅम.”

“अगं ए,” चष्मा कपाळावर सरकवून मावशी म्हणाली, “एवढं हो हो करू नकोस. संशय येतो. एखाद्याला तरी नाही म्हण. बरं, परत. तुमचे कुणी नातेवाईक दुसऱ्या प्रांतात आहेत?”

मारिविकचा चमचा थांबला. “आहेत. तुम्हाला माहीत आहे.”

सगळ्यांनाच माहीत होतं. लोरेटाताई.

लोरेटा ही एरियलची थोरली बहीण, राहायला व्हँकुव्हरला. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. हाँगकाँगमध्ये परक्यांच्या घरी भांडी घासली, आणि त्यातून एरियलचं शिक्षण केलं, त्याचे वाकडे दात सरळ केले, लग्नात पंगतीसाठी डुक्कर भाजलं, सगळं केलं. असल्या बहिणीचं ऋण फिलिपिन्समध्ये कुणी फेडत नाही, फेडायचं नसतंच. ते मान खाली घालून जन्मभर वागवायचं असतं. ती बोलावते तेव्हा जायचं. ती वाढते तेवढं खायचं.

लोरेटाताईंचा फोन दर दिवशी दुपारी कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत यायचा, चेहऱ्यासकट. चेहरा अर्धाच; त्या फोन कानाला लावूनच बघायच्या, त्यामुळे पडद्यावर बहुतेक एक कर्णफूल आणि मागचं छत दिसायचं.

“मारिविक, कागद मिळाला की लगेच इकडे यायचं हं. काय आहे त्या गावात? भोपळे?”

“हो, ताई.”

“तळघरातली खोली मी कुणाला दिलेली नाही. तुमच्यासाठी ठेवलीय.”

“हो, ताई. बघू या, ताई.”

आता इलोइलोच्या कुठल्याही माणसाला विचारा, ‘हो ताई, बघू या’ याचा अर्थ काय. त्याचा अर्थ, तुमचं मन मोडायचं नाही, पुढचं पुढे. लोरेटाताई स्वतः तिथल्याच, त्यांना हे ठाऊक होतं. पण माणूस रिकाम्या तळघराच्या घरात एकटा राहायला लागला की हवं तेच ऐकतो. त्यांनी खोली रंगवायला काढली. मग त्यांनी डोलोरेसमावशीला फोन केला, की आमची मंडळी वसंतात इकडे येतायत. आणि मावशीने जे केलं ते जगाच्या पाठीवर फक्त तिच्याच देशातलं माणूस करेल.

तिने फलक छापायला टाकला.

या लोकांत फलकाशिवाय काही होत नाही. पोर पहिलीत पास झालं, फलक. कुणी परिचारिकेची परीक्षा पास झाली, फलक. मेला तरी फलक, तोही हसऱ्या फोटोचा. मारिविकचा निरोप समारंभ कागद मिळाल्यावर व्हायचा होता, मावशीला तेवढी अक्कल होती. पण तिचा भाचा जवळच्या ब्रँडन शहरात छपाईचं काम करायचा, मावशीच्या नातीच्या बाप्तिस्म्याचा फलक त्याच्याकडे होताच, आणि तो म्हणाला, “मावशी, दोन छापले तर दुसरा अर्ध्यात.” मग काय. आणून घडी घालून ठेवू, असं मावशीने ठरवलं.

मारिविकला यातलं काही माहीत नव्हतं. ती आपली रोज संध्याकाळी खोलीवर आरशापुढे बसून ‘मी इथेच राहणार’ हे वाक्य ठणकावून म्हणायचा सराव करत होती. दरवेळी ते वाक्य झोका घ्यायचं आणि पायरी उतरून बसायचं. स्वतःचीच स्वतःला खात्री पटेना.

सोमवारी बर्फाचा अंदाज आला. गुरुवारी रस्ते बंद होणार असं रेडिओ सांगू लागला. प्रांताच्या बाईंनी कारखान्याचे मालक हॅरल्ड फ्रीसन यांना त्याच दिवशी कळवलं, की मी मंगळवारीच येते. हॅरल्डनी ‘हं’ म्हणून फोन ठेवला. हा माणूस दिवसाला दहाबारा शब्दांवर भागवायचा. बाई मंगळवारी येणार हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “कुणी विचारलं नाही.”

त्याच मंगळवारी भाचा ब्रँडनहून फलक देऊन गेला. मावशीने जेवणाच्या खोलीत तो उलगडला, फक्त अक्षरं नीट आलीत का बघायला. पण जमिनीवर नीट दिसेना. म्हणून चार खुर्च्या आणि चिकटपट्टी घेऊन तिने तो भिंतीवर चढवला, फक्त सरळ आहे का बघायला. मग सगळे लांब उभे राहून बघू लागले.

सुट्टीची घंटा झाली. मारिविक मुखवटा कपाळावर ढकलून, हातमोजे काखेत मारून आत आली आणि दारातच खिळली.

भिंतभर तीच होती. चेहरा दोन छटा गोरा केलेला, ओठांना लाली, अंगात कुणाचा तरी पदवीचा झगा. मागे समुद्र, पूल, डोंगर, आणि एक गरुड. खाली सोनेरी अक्षरांत: ‘निरोप देतो, विसरणार नाही! एल्डनहून व्हँकुव्हर: मारिविकला शुभेच्छा!’

“गरुड त्याने मनाने घातला,” मावशी म्हणाली. “फुकट.”

मारिविकने तोंड उघडलं. काय म्हणणार होती कुणास ठाऊक, कारण तेवढ्यात मागून हॅरल्डचा आवाज आला. “ह्या त्या.”

त्यांच्या मागे एक बाई होत्या. राखाडी कोट, पायांत चांगले जाड बूट, हातात पातळ पिशवी. “मी बेथ हॅलोरन,” त्या म्हणाल्या. “प्रांताच्या कार्यालयातून. बर्फाच्या आधी परतावं म्हणून आजच आले. इथे बसलं तर चालेल?”

कुणी उत्तर देण्याआधी त्या फलकाकडे पाठ करून बसल्या. समोरची खुर्ची मारिविकला. म्हणजे बाईंच्या डोक्यावरून मारिविकला स्वतःचंच दोन हात रुंद हसू दिसत होतं, आणि गरुड.

“कॉफी, मॅम?” कुणीतरी विचारलं.

“नको, धन्यवाद.”

कॉफी आली.

“केक, मॅम? तांदळाचा आहे. घरचा.”

“नाही, खरंच नको. नियमात बसत नाही.”

केक आला. दोन तुकडे, वर किसलेलं खोबरं. बाईंनी त्या दोन्हींकडे बघितलं, पेन काढलं आणि सुरुवात केली. किती दिवस इथे, कुठे राहता, काम काय. मारिविकची उत्तरं बरोबर होती, पण तिची नजर सारखी बाईंच्या खांद्यावरून वर जात होती, कारण तिथे डोलोरेसमावशी पायमोज्यांवर खुर्चीवर चढली होती. मावशीने चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं. चर्र. सगळी खोली एकदम खोकली.

“नवऱ्याला इथे काय काम मिळेल?”

“तो वीजकाम करतो, मॅम. सर हॅरल्ड म्हणाले, ते बोलतील.”

“फक्त हॅरल्ड,” दारातून हॅरल्ड म्हणाले. गेली तीन वर्षं ते एवढंच दुरुस्त करत होते.

“हो, सर हॅरल्ड.”

चर्र. पुन्हा खोकला. एक कोपरा सुटून खाली लोंबला. आता मारिविकच्या चेहऱ्याला एकच डोळा होता. मावशीच्या कपाळावर घाम आला होता. 

“खुर्चीवर कोण आहे,” बाई मागे न वळता म्हणाल्या, “तुम्ही उतरा. पडाल. मी आत येतानाच वाचलंय.”

खोकला थांबला. 

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मिसेस सालदेर्या, तुमची नणंद व्हँकुव्हरला आहे हे तुम्ही अर्जात लिहिलंय. लपवलेलं नाही. त्या तुम्हाला बोलावतात?”

“हो, मॅम.”

“तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

मारिविकने खाली बघितलं. खोटं बोलता आलं असतं. “हो म्हणाले.”

मावशीने डोळे मिटून घेतले.

“पण ते तसं हो नव्हतं, मॅम,” मारिविक घाईने म्हणाली. “त्या मोठ्या आहेत. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत आमच्यात. हो म्हणायचं, मग... मग ते आपोआप राहून जातं.”

“समजलं,” बाई म्हणाल्या. “आता माझी अडचण सांगते. मला इथे येऊन वीस मिनिटं झाली नाहीत. मी कॉफी नको म्हटलं, कॉफी आली. केक नको म्हटलं, केक आला. या खोलीत ‘नको’ कुणाला ऐकू येत नाही आणि ‘नाही’ कुणी म्हणत नाही. तुम्ही इथेच राहणार का, असं मी विचारणार, आणि तुम्ही हो म्हणणार. मी वयाने तुमच्या नणंदेएवढीच असेन. मग मला दिलेलं हो कुठल्या जातीचं, हे मी कसं ओळखायचं?”

 मारिविकला आरशापुढचं वाक्य आठवलं, पण तेही शेवटी एक हो-च होतं. तिला वाटलं, हीच ती घटका. आता ही बाई पिशवी आवरेल, ज्युवेल पुढचा भागाकारही फोनवरच शिकवेल, आणि मी पुन्हा कुठल्यातरी विमानतळावर रांगेत असेन. सेबूच्या जहाजबांधणीत ती गेली होती ती मामा म्हणाला म्हणून. तैवानला गेली ती मैत्रिणीने अर्ज आणला म्हणून. दरवेळी कुणीतरी बोलावलं, ती हो म्हणाली, आणि आयुष्यातली दोनचार वर्षं त्या हो-मध्ये गेली. एल्डन तेवढं तिने स्वतः नकाशावर बोट ठेवून निवडलं होतं. का, तर नाव छोटं होतं. लक्षात राहील असं. कारण तेवढंच, पण ते तिचं स्वतःचं होतं.

हे सगळं सांगावं कसं? सांगितलं तरी ते झोका घेऊन पायरी उतरणार.

टेबलावर फोन थरथरला. रोजची वेळ झाली होती.

लोरेटाताईंचा फोन मारिविकने आजवर कधी वाजत ठेवला नव्हता. तिचा हात सवयीने पुढे गेला आणि हवेत थांबला.

“घ्या ना,” बाई म्हणाल्या.

तिने घेतला. कर्णफूल, मागे छत. त्यांच्या भाषेत, इलोइलोच्या बोलीत, ताईंचा आवाज खोलीभर झाला.

“मारिविक, हे बघ, रंग लावून झाला. गुलाबी. ज्युवेलला आवडेल ना? दिसतंय का?” छत दिसत होतं, पांढरं. “मी पलंगही सांगून ठेवलाय. तू फक्त महिना सांग.”

“ताई.” मारिविकने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. “ताई, आम्ही नाही येणार.”

“बरं, मार्चमध्ये नको तर मेमध्ये या. थंडीत सामान हलवायचं म्हणजे—”

“मेमध्ये नाही, ताई. कधीच नाही. आम्ही इथे राहणार.”

मावशी खुर्चीवरून उतरत होती ती एक पाय अधांतरी ठेवून थांबली. केक कापणाऱ्याची सुरी थांबली. कारखान्यातल्या त्या पाचसहा फिलिपिनो माणसांच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जसं कुणीतरी भर चर्चमध्ये पाद्र्याला खाली बस म्हणालं.

फोनमधलं छत हलायचं थांबलं. आणि पहिल्यांदाच लोरेटाताईंचा पूर्ण चेहरा दिसला. डोळ्यांखाली गुलाबी रंगाचा एक ठिपका होता.

“कोण आहे तिथे? कोण बोलायला लावतंय तुला?”

“कुणी नाही.”

“एरियलला मी वाढवलंय.”

“हो, ताई.”

“माझ्या बोटांच्या भेगा बघितल्यास तू. लग्नात अंगठी घालताना तूच म्हणालीस, ताई, हातांना तेल लावा.”

“हो, ताई.” मारिविकच्या डोळ्यांतून पाणी सरळ गालावर आलं, पण आवाज तोच, अंगाईचा. “ते फिटणार नाही. मी फेडायला येत नाही म्हणून रागवा. पण यायचं मी कबूल केलं ते खोटं होतं. तुम्ही खोली रंगवेपर्यंत मी गप्प बसले, ही माझी चूक. तुम्ही इकडे या, ताई. आमच्याकडे. आम्ही तिकडे येणार नाही.”

 पडदा काळा झाला.

हॅलोरनबाईंना त्यातला एक शब्द कळला नव्हता. त्यांनी फोनकडे बघितलंच नव्हतं; त्या सगळा वेळ बाकीच्यांचे चेहरे बघत होत्या. मावशीचा तो अधांतरी पाय अजून अधांतरीच होता.

“काय म्हणाल्या या?” त्यांनी मावशीला विचारलं.

मावशीला आयुष्यात पहिल्यांदा नक्कल करता आली नाही. तिने घसा खाकरला. “नाही म्हणाली, मॅम. थोरल्या नणंदेला.” मग, कदाचित यांना पुरतं कळलं नसेल म्हणून, “तोंडावर.”

बाईंनी मारिविककडे बघितलं. “मला दाखवायला म्हणालात का?”

“मॅम,” मारिविक बाहीने गाल पुसत म्हणाली, “तुम्हाला दाखवायचं असतं तर मी इंग्रजीत नसते का म्हणाले?”

दारात हॅरल्डनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं. “राहील ती,” ते म्हणाले. दिवसाचे शब्द बहुतेक तिथेच संपले.

बाईंनी काहीतरी लिहिलं, पिशवी बंद केली. निर्णय मी घेत नाही, माझा अहवाल जातो, कळायला वेळ लागेल, असं सांगितलं, सगळ्यांशी हात मिळवले. गाडीत बसल्या तेव्हा शेजारच्या आसनावर कागदात गुंडाळलेले तांदळाच्या केकचे चार तुकडे होते. त्या गाडीतून उतरल्या, पुडी मावशीच्या हातात परत दिली आणि स्वच्छ म्हणाल्या, “नाही.” मावशी पुडी धरून तशीच उभी राहिली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर म्हणाली, “बघ, किती सोपं असतं त्यांना.”

त्यानंतरचे दिवस मारिविकने कसे काढले ते तिचं तिला माहीत. बर्फ आला, रस्ते बंद झाले, उघडले. तिकडे इलोइलोहून एरियल रोज फोन करायचा.

“तू ताईला काय म्हणालीस? तिने जेवण सोडलंय.”

“कुणी सांगितलं?”

“तिनेच. दर तासाला सांगते. मघाशी सांगताना तोंडात काहीतरी होतं.” मग हसू आवरून, हळू आवाजात, “पण मारिविक, कार्यालयानेही नाही म्हटलं तर? ताई गेली, कागदही गेला. मग आपल्याकडे राहिलं काय?”

 दुपारच्या सुट्टीत फोन टेबलावर उताणा पडून राहायचा, वाजायचा नाही. इतकी वर्षं रोज नकोसा वाटणारा फोन, आणि आता ती डबा उघडून त्या काळ्या पडद्याकडेच बघत बसायची. मावशीने मुलाखतीबद्दल चकार शब्द काढला नाही. फलक मात्र टाकून द्यायला तिचं मन होईना. तो तिने रंगखात्यात ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून टांगला, उलटा. दुपारचं ऊन मागून आलं की पांढऱ्या पाठीतून गरुड अंधुक दिसायचा.

परवाना संपायला आला तसे हॅरल्ड तिच्या बाकाजवळून जास्त वेळा जाऊ लागले. काही बोलत नसत. एकदा म्हणाले, “टपाल बघितलंस?” टपालाने काही येणार नव्हतं, निरोप संगणकावर यायचा होता, पण ती म्हणाली, “हो, सर हॅरल्ड.”

निरोप आला तेव्हा ती एका ट्रेलरखाली पाठीवर पडून वेल्डिंग करत होती. मावशीने तिचे पाय धरून तिला बाहेर ओढलं आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला. मारिविकने मुखवटा वर न करताच वाचायचा प्रयत्न केला; काळ्या काचेतून काही दिसेना. मग मुखवटा वर केला. प्रांताने नाव सुचवलं होतं. परवाना वाढवायचं पत्रही सोबत होतं. राजधानीकडचं काम अजून बाकी होतं, पण ते आता फक्त वेळेचं होतं. ती तिथेच फरशीवर बसली. मावशीने फलकाच्या नावाने एक शब्द काढला नाही, यावरून तिचा किती निश्चय होता ते समजावं.

एरियलला सांगून झालं. मग मारिविकने हातमोजे काढले आणि एक नंबर लावला, जो इतके दिवस लावायची तिची हिंमत झाली नव्हती. बराच वेळ वाजला.

कर्णफूल. छत. छत गुलाबी होतं.

“छतही रंगवलंत, ताई?”

“रंग उरला होता.” आवाज कोरडा. “आता तिथे एक पंजाबी मुलगी राहते. शिकायला आलीय. गुलाबी तिला आवडतो. उलट उत्तर देत नाही.”

“बरं झालं, ताई.”

“एरियलने सांगितलं मला. मिळालं म्हणे.”

“हो, ताई.”

छत हललं, कर्णफूल झुललं. मग त्या म्हणाल्या, “तू या म्हणाली होतीस. ते कसलं या होतं? आपल्याकडचं, की खरं?”

“खरं.”

“एरियल आणि पोरगी पोचली की मी येईन मग. चार महिने राहीन. पोरीला सवय होईपर्यंत. स्वयंपाकघर मी बघेन, तुला काही येत नाही.”

मारिविकने डोळे मिटले. जिभेवर ते जुनं गुळगुळीत ‘हो ताई’ आलंच होतं. ते तिने गिळलं.

“दोन आठवडे, ताई,” ती म्हणाली.

ते ऐकताना शेजारी उभ्या मावशीचे डोळे मोठे झाले. पण वाक्य मात्र नेहमीसारखंच खालून निघालं, मध्ये एक झोका घेतला आणि अलगद पायरी उतरून बसलं.  पलीकडून एक लांब सुस्कारा आला.

“तीन,” लोरेटाताई म्हणाल्या.